किंमत इनबॉक्समध्ये

डोंबिवलीच्या एका पतपेढीत मी सव्वीस वर्षं रोखपाल होते. खोटी नोट हाताला लागली की बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. निवृत्ती मी वेळेआधीच घेतली, आणि त्याच वर्षी बाबा गेले. ते पालिकेच्या पाणी खात्यात कारकून होते. रविवारी जुना बाजार पालथा घालून त्यांनी तांब्याची नाणी जमवली होती. त्यांचे चार अल्बम माझ्याकडे आले. राणीच्या काळातल्या पाव आण्याची सगळी सालं त्यांनी लावली होती, फक्त एक सोडून. आजारपणात एकदा त्यांनी त्या रिकाम्या खणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे एक राहिलं बघ." बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली, तशा सुरात.

मी ते ऑनलाइन शोधायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात डोकं फिरलं. तेच नाणं, तेच साल, झीजही साधारण तेवढीच. एका ठिकाणी दोनशे रुपये, दुसऱ्या ठिकाणी चौदाशे, तिसऱ्या ठिकाणी 'अतिदुर्मीळ' म्हणून पंचेचाळीस हजार. बहुतेक ठिकाणी तर किंमतच नसायची. नाण्याचा फोटो आणि खाली एक ओळ: किंमत इनबॉक्समध्ये. इनबॉक्समध्ये विचारलं की समोरचा आधी आपल्यालाच विचारणार. कुठे राहता? काय करता? कधीपासून जमवता? मग भाव. एकदा मी एकच नाणं माझ्या फोनवरून आणि नवऱ्याच्या फोनवरून, असं दोनदा विचारलं. मी निवृत्त बँकवाली, नवरा नुसता "जस्ट बघतोय" म्हणणारा. त्याला सहाशे रुपये कमी सांगितले.

नवरा हसला. म्हणाला, "अगं, मच्छीवाली तरी सगळ्यांसमोर भाव सांगते."

अशात मला कोणीतरी एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे दर रविवारी दुपारी बारा ते दोन लिलाव असायचा. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो पडायचे, सुरुवातीची किंमत पडायची आणि दहा मिनिटं बोली चालायची. सगळं सगळ्यांसमोर. मला हायसं वाटलं. इनबॉक्स नाही, चौकशा नाहीत. जो जास्त बोलेल त्याचं नाणं, आणि आकडा तीनशे माणसांच्या डोळ्यांदेखत.

ग्रुप चालवणारे गृहस्थ ठाण्याला नौपाड्यात बसायचे. जुन्या इमारतीत खाली दंतवैद्य, वर यांची दोन खोल्यांची जागा. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. साठीच्या आतले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी हळू. मी पाव आण्याची गोष्ट सांगितली. बाबांचं बोलणंही सांगितलं, ते सांगायला नको होतं. सरांनी शांतपणे ड्रॉवर उघडला आणि नेमकं ते साल माझ्यासमोर ठेवलं.

"लिलावात टाकणार होतो," ते म्हणाले. "पण हे तुमच्या वडिलांचं आहे, ताई. मला पडलं त्या किमतीला घेऊन जा. अठराशे. वर एक पैसा नको."

मी घरी आले, अल्बम उघडला, नाणं खणात सरकवलं आणि रडले.

दोन आठवड्यांनी सरांचा फोन आला. "ताई, एक मदत कराल का? हल्ली रविवारी बोली फार गार पडतेय. सुरुवातीलाच लोक लाजतात. तुम्ही जरा दोन-तीन ठिकाणी आकडा टाका. नाणं तुमच्यावर पडलं तरी मी परत घेईन, काळजी करू नका."

मला यात काय आहे ते लगेच कळलं. पतपेढीत मी असं कोणाला करताना पकडलं असतं तर वरच्या मजल्यावर साहेबांकडे नेलं असतं. पण अठराशेला मिळालेलं ते नाणं आठवलं आणि तोंडातून आलं, "चालेल ना."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मला सरांचा मेसेज यायचा. तीन नंबर, चार हजारपर्यंत. नऊ नंबर, सातपर्यंत. मी तिथपर्यंत बोली चढवायची आणि गप्प बसायचं. पहिल्या वेळी मी खोलीचं दार लावून बसले होते. चौथ्या रविवारी मी एकीकडे बटाटेवड्याचं सारण परतत आकडे टाकत होते.

वाईट निघालं ते पुढेच. मी पतपेढीत रोखपाल होते हे सरांनी ग्रुपमध्ये सांगून ठेवलं होतं. खऱ्याखोट्याची पारख असलेली बाई, असं. दोन-तीन महिन्यांत लोक लिहायला लागले, 'ताईंनी बोली लावलीय म्हणजे नाणं अस्सल.' माझा आकडा पडला की आणखी चार आकडे पडायचे. मी बोली लावली नाही की लोक खाजगीत विचारायचे, "ताई, त्या नाण्यात काही खोट आहे का?" म्हणजे आता बोली न लावणंही माझ्या हातात राहिलं नाही. सोडायचं म्हटलं तर का सोडलं ते सांगावं लागणार, आणि सांगायचं काय?

एकदा सरांना म्हटलं, "मला आता नको वाटतं हे."

ते जराही चिडले नाहीत. "तुम्हाला हवं तेव्हा थांबा, ताई. मी कुठे बांधून ठेवलंय? फक्त लोक विचारतील. तुमच्यावर फार विश्वास आहे त्यांचा."

मी थांबले नाही.

मग तो शनिवार आला. सरांनी मला नौपाड्याला बोलावून घेतलं. "एक मावशी यायच्यात विकायला. बायकामाणसाला बाई समोर असली की बरं वाटतं. तुम्ही फक्त बसा."

मावशी ठाण्याच्याच खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या होत्या, साठीच्या. रुमालात बांधून सात चांदीचे रुपये आणले होते. आजीच्या माळेतले चार, त्यांना वर झाळून लावलेल्या कड्या. बाकी तीन सुटे. होडीचं इंजिन बसलं होतं, दुरुस्तीला पैसे हवे होते. सर एकेक नाणं उलटसुलट करून बघत होते. एका सुट्या रुपयाशी त्यांचा हात क्षणभर थांबला. चेहरा तसाच राहिला. त्यांनी तो रुपया राजाची बाजू खाली करून टेबलावर ठेवला.

मला साल दिसलं. १९११. त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती आहे, पण तो इतका बेढब कोरलाय की लोकांना तो डुक्कर वाटला आणि बोंब झाली. सरकारने नाणी मागे घेतली, ती वितळवली, पुढच्या साली हत्तीची सोंड नीट केली. संग्राहक त्याला डुकराचा रुपया म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. आणि हा तर फारसा झिजलेलाही नव्हता.

सरांनी सातही नाणी एकत्र काट्यावर ठेवली. "मावशी, चांदीच्या वजनाने देतो. आजचा भाव हा, फोनवर बघून घ्या. नगाला साधारण साडेनऊशे पडतात."

मावशींनी फोन बघितला नाही. माझ्याकडे बघितलं. "बाय, तुमी सांगा. भाव बराबर हाय ना?"

चांदीचा भाव बरोबर होता. एवढं एकच वाक्य माझ्या मनात आलं, आणि त्याचाच आधार घेऊन मी म्हणाले, "बरोबर आहे, मावशी."

त्यांनी पैसे कमरेला खोचले आणि जाताना त्यांचा नंबर देऊन माझा घेतला, घरात अजून काही निघालं तर विचारायला म्हणून.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तो रुपया लिलावात आला. सकाळचा मेसेज होता, 'पाच नंबर, नऊपर्यंत.' सुरुवात तीन हजारांनी झाली. माझ्यासमोर एकच माणूस शेवटपर्यंत टिकला, कोपरचे एक काका. एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ग्रुपमध्ये फारसं न लिहिणारे. मी आठ हजार म्हटलं, ते साडेआठ. मी नऊ. थोडा वेळ गेला. मला वाटलं, सोडतील, सोडू देत. मग त्यांचे नऊ हजार सहाशे आले. मी थांबले. सरांनी हातोड्याचं चित्र टाकलं. अभिनंदनाचे अंगठे सुरू झाले.

त्या आठवड्यात काकांचा फोन आला. त्यांनी कधी फोन केला नव्हता. "मॅडम, रुपया हातात आला. तुम्हीही त्याच्या मागे होतात, म्हणून म्हटलं एकदा येऊन बघून जा. आमचं घर कोपर स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी डोंबिवली पश्चिमेलाच राहते, रिक्षाने दहा मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरचं वन रूम किचन. काकूंनी पोहे केले होते. काकांच्या नखांच्या कडांना अजून निळसर छटा होती, कारखाना सुटून आठ वर्षं झाली तरी. त्यांनी रुपया खिडकीशी नेऊन दाखवला. "रंग बघा. या चांदीला घासलेलं नाही कोणी. काळेपणा आतून आलाय, हळूहळू. रंग मला कळतो. भाव कळत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो."

त्यांनी शाळेची असते तशी दोनशे पानी वही काढली. गेल्या दीड वर्षातला प्रत्येक लिलाव त्यात होता. नाणं, साल, कोणी किती बोली लावली, किती वाजता. शाईच्या पेनाने, रेघ मारून.

"हे तुम्ही," त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "पाच महिन्यांत सत्तेचाळीस नाण्यांवर तुम्ही बोली लावलीत. तुमच्याकडे राहिलं एकही नाही. दोनदा तुमच्यावर पडलं, ती दोन्ही नाणी महिन्याने परत लिलावात आली." ते वर बघत नव्हते. "मी अंदाज बांधलाय, मॅडम. चुकीचा असेल तर सांगा."

काकू आत चहा टाकत होत्या. गॅसचा आवाज ऐकू येत होता. मी म्हणाले, "चुकीचा नाही."

त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी वही पुढे ओढली, दुसरं काही करता येईना म्हणून, आणि पानं उलटत गेले. एका पानावर माझं पाव आण्याचं साल दिसलं. मी ग्रुपमध्ये यायच्या दोन महिने आधी ते लिलावात सहाशे वीस रुपयांना गेलं होतं. त्याच्या पुढच्या पानावर आणखी एक, पाचशे ऐंशी.

"हे मी अठराशेला घेतलं," मी म्हणाले. "त्यांना पडलं त्या किमतीला, असं सांगून दिलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. ज्या उपकाराखाली मी पाच महिने वाकले होते, त्याचा भाव तिथे शाईत लिहिलेला होता. मला हसू येईना, रडूही येईना.

"माझा रुपया त्यांना केवढ्याला पडला?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊशे. मी समोर होते."

"विकणारीला माहीत होतं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

काका एवढंच म्हणाले, "मग आपण दोघं फसलो तरी आपल्याला निदान नाणी मिळाली."

तिथून घरी आल्यावर दोन दिवस मी मावशींचा नंबर काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. नवऱ्याला तेव्हाच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोड ग्रुप, गप्प बस. तुझं नाव बाहेर येईल." तो खरं बोलत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्याला गेले आणि कोळीवाड्यात विचारत विचारत मावशींचं घर शोधलं.

मावशी दारात सुकट निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या रुपयाचं काय झालं, किती आले, मला तेव्हाच काय माहीत होतं. त्यांनी हात झटकले.

"मंग तवा का नाय बोललीस?"

मी चांदीच्या भावाचं काहीतरी पुटपुटले.

"तुज्याकडं बघून मी दिला. त्याला कोन वलखतंय?" त्या उठल्या, पदर खोचला. "चल. त्याच्याकडं चल."

मला जायचं नव्हतं. पण रिक्षात त्यांच्या शेजारी बसले. जिना चढताना दंतवैद्याकडे आलेली माणसं आमच्याकडे बघत होती. सर नेहमीसारखे उठून उभे राहिले.

मावशींनी विचारलं, सर शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी भाव सांगितला. फोनवर बघा असंही म्हणालो. तुम्ही ताईंना विचारलंत. ताई, तुम्ही काय सांगितलंत?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायला जागा नव्हती आणि खरं बोलले तरी ते सरांच्याच बाजूचं होतं. मी म्हणाले, "बरोबर आहे, असं सांगितलं."

"मग?" सर म्हणाले.

मावशींनी मात्र आवाज चढवला. बाजारात उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईचा आवाज तो, खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेला. आजीची माळ, डुकराचा रुपया, नऊ हजार सहाशे, सगळं जिन्यात घुमलं. खालचा दंतवैद्य मास्क लावलेलाच वर आला. सरांनी घाईघाईने ड्रॉवरमधून दोन हजार काढले. मावशींनी घेतले, आणखी मागितले, आणखी एक हजार मिळाले. "बाकीचे हिच्याकडनं घेन," त्या जाताना म्हणाल्या. मी द्यायला लागले तर मात्र हात मागे घेतला. "आता नको. आता तू मला देतीस त्ये तुज्यासाठी."

मला वाटलं होतं, घरी जाऊन ग्रुपमध्ये सगळं लिहायचं. रिक्षात मनात वाक्यं जुळवत होते. घरी पोचेपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं आणि सरांचा मेसेज दोन ओळखीच्या माणसांनी मला पाठवलाही होता. 'आपल्या एक सभासद खोट्या बोली लावून किमती फुगवत असल्याचं निदर्शनास आलं आहे. ग्रुपच्या पारदर्शकतेसाठी त्यांना काढण्यात येत आहे.' खाली टाळ्या. कोणीतरी लिहिलं होतं, 'बँकवाली होती ना? मला आधीच शंका होती.'

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला त्याला उत्तर देता येईना. मी चार माणसांना वेगवेगळं लिहिलं की बोली मला सरच सांगायचे. मेसेजचे फोटोही पाठवले. एकाने विचारलं, "मग पाच महिने का लावल्या?" बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. स्टेशनबाहेरच्या दुकानात पूर्वी ओळखीने हसणारा एक संग्राहक भेटला, तो लिंबं निवडण्यात फार गुंतला.

कोपरच्या काकांकडे वही होती. वहीत सगळं होतं. मी रोज वाट बघायचे की ते लिहितील. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, मी लिहिलं नाही."

"कळलं मला."

"लिहिलं तर मलाही काढतील. माझे अजून दोन सालचे रुपये मिळायचे राहिलेत. दुसरीकडे मिळतात, पण तिथेही असंच असणार. इथे निदान मला कळतं कोण काय करतंय." मग म्हणाले, "तुमच्या जागी आता दुसऱ्या एक बाई आल्यात. चौदा नाण्यांवर बोली, मिळालं शून्य."

मला त्यांचा राग आला, पण टिकला नाही. मी तरी पाच महिने कुठे बोलले होते?

त्यानंतर मी बाबांची दुबार नाणी विकायला काढली. फोटोखाली स्वच्छ किंमत लिहिली. झीज कुठे आहे, डाग कुठे आहे, हेही लिहिलं. सात आठवड्यांत दोन गेली. बाकीच्यांवर लोक विचारतात, "ताई, एवढ्या सरळ किमतीत देताय, नाण्यात काय प्रॉब्लेम आहे?" प्रॉब्लेम नाही असं लिहिलं की मेसेज वाचल्याची खूण येते, माणूस येत नाही. एकाने तर वीस टक्के वाढवून लिहा असा सल्ला दिला, म्हणजे घासाघीस करून घेणाऱ्याला समाधान मिळेल. किंमत उघडी ठेवली की आपण सुटलो असं मला वाटलं होतं. पण समोरच्याने इतकी वर्षं जे सोसलंय त्याचं काय करायचं?

गेल्या मंगळवारी मी टेंभी नाक्याजवळ एका दवाखान्यात नंबर लावून बसले होते. फोन वाजला. मावशी होत्या. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच.

"सुनेच्या पेटीत अजून दोन मिलाले," त्या म्हणाल्या. "एकावर बाईचं तोंड हाय, एकावर टकल्या राजाचं. केवढ्याचे?"

मी सालं विचारली. त्यांनी नातीला वाचायला लावलं. मी दोन्हींचा भाव सांगितला. दुकानदार साधारण किती देईल, संग्राहक किती देईल, कमीत कमी किती सोडू नका, असे तीन आकडे. त्यांनी नातीला ते लिहून घ्यायला लावलं आणि मला परत म्हणायला लावलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुज्यावर भरवसा नाय. आजून दोघांना विचारते."

"विचारा," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. माझ्या आधी अजून चार पेशंट होते.